तीन दिवस मेंढरांपासून लांब

पाहुण्यांना पाठवायच्या सूचनांच्या कागदावरची माझी पहिली ओळ अशी होती : 'बीडला उतरल्यावर कोणालाही प्रयोगशाळेचा पत्ता विचारू नये.'

वाचणाऱ्याला वाटायचं, लिहिणारा तऱ्हेवाईक दिसतोय. पण त्या ओळीमागे एक जिवंत माणूस होता. दिल्लीचे एक शास्त्रज्ञ, वयाने आणि मानाने मोठे, आमच्याकडे सभेला निघाले होते. बीडच्या स्टँडवर त्यांनी रिक्षावाल्याला नुसतं 'लॅब' म्हणून सांगितलं. रिक्षावाला भला माणूस. त्याने त्यांना रक्त-लघवी तपासणाऱ्या एका दुकानात नेऊन सोडलं. तिथल्या बाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?" गृहस्थ रात्रभराच्या प्रवासाने खरोखरच उपाशी होते. हो म्हणाले. आत सोडण्याआधी आमची संस्था पाहुण्यांची तपासणी करत असेल अशी त्यांची समजूत. मला फोन आला तेव्हा त्यांच्या दंडाला पट्टा बांधून झाला होता.

म्हणून मग दुसरी ओळ : 'चौसाळ्याकडे जाणारी एसटी धरावी आणि कंडक्टरला "ढोराची लॅब" असं सांगावं.' या 'ढोराची' शब्दावर आमच्या कार्यालयात बरीच नाकं मुरडली गेली. फाटकावरचं आमचं खरं नाव दोन ओळींचं आणि भारदस्त होतं. पण ते नाव कंडक्टरला सांगितलं तर तो पाहुण्याला थेट चौसाळ्यापर्यंत नेऊन सोडायचा आणि वर म्हणायचा, "आता इथं कुणाला तरी इचारा." ढोराची लॅब म्हटलं की बरोबर आमच्या फाट्यावर घंटी वाजायची.

मी त्या लॅबच्या अतिथिगृहाचा काळजीवाहू होतो. शास्त्रातलं मला काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. आलेल्याला उतरवून घ्यायचं, चहापाणी, खोली, जेवण, आत जाताना काय करायचं आणि बाहेर येताना काय करायचं ते समजावून सांगायचं, आणि परतीच्या गाडीत बसवून द्यायचं, एवढं माझं काम. नोकरीची सगळी वर्षं मी हेच केलं. सूचनांचा कागद हे माझं एकुलतं एक लेखन. दिवाळी अंकात लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाहेरच्या माणसाला लॅबचं काम थोडं सांगायला हवं. गाईगुरांना, शेळ्यामेंढ्यांना लाळ्या-खुरकूत नावाचा रोग होतो. तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरांत जखमा होतात, जनावर लंगडायला लागतं. माणसाला त्याचा काही त्रास नाही. पण माणूस तो कपड्यांवर, केसांत, अगदी नाकातसुद्धा घेऊन हिंडू शकतो आणि दुसऱ्या गावच्या जनावराला देऊ शकतो. आमच्या लॅबमध्ये त्या रोगाचे नमुने तपासायचे. त्यामुळे सभागृह आणि अतिथिगृह बाहेरच्या आवारात, आणि खरी लॅब आतल्या दुसऱ्या भिंतीआड. त्या भिंतीच्या आत जाणाऱ्याने अंगावरचा एकूण एक कपडा बाहेर उतरवायचा, लॅबचे कपडे घालायचे. येताना ते आतच टाकायचे, डोक्यावरून साबण लावून पाच मिनिटं आंघोळ करायची, नाक शिंकरायचं, खाकरून थुंकायचं, आणि मग पलीकडच्या दारातून आपल्या कपड्यांत यायचं. चष्मा औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचा. आत गेलेला कागद आतच राहायचा.

हे शेवटचं मी ठळक अक्षरांत लिहीत असे, त्याचं कारण हैदराबादचे एक प्राध्यापक. आत कुणीतरी महत्त्वाचं सांगत होतं, यांच्याकडे वही नव्हती. कसा कोण जाणे, एक लिफाफा त्यांच्या हातात राहून आत गेला होता, त्यावर त्यांनी बारीक अक्षरात सगळं टिपून घेतलं. बाहेर येताना दारावरच्या माणसाने तो ठेवून घेतला. लिफाफ्यात त्यांच्या मेहुणीच्या मुलीची लग्नपत्रिका होती. लग्न दुसऱ्या दिवशी आणि कार्यालयाचं नाव त्यांना आठवेना. आतला तंत्रज्ञ काचेआडून फोनवर पत्रिका वाचून दाखवतोय, हे इकडे उतरवून घेतायत, आणि तो गडी गणपतीपासून सुरुवात करून सगळे निमंत्रक, सगळे चिमुकले वाचतोय. मधे तोडायची सोय नाही, कारण पत्ता सगळ्यात खाली.

अशी कागदावरची ओळ न् ओळ कुणाच्या तरी फजितीतून आलेली होती. अकरावी ओळ मात्र माझी नव्हती, ती नियमातून आलेली होती : 'लॅबच्या आत जाऊन आलेल्याने पुढचे तीन दिवस गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याजवळ जाऊ नये.' पाहुणे ती वाचून हसायचे. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला मेंढी कुठून भेटणार? "भानुदास, आमच्या सोसायटीत म्हशीला लिफ्ट वापरायला बंदी आहे," असं एकाने मला गंभीरपणे सांगितलं होतं. मीही हसायचो आणि सही घ्यायचो.

मला हसणं तसं जड जायचं. नोकरांसाठी तोच नियम जास्त कडक होता. तीन दिवस नव्हे, नोकरीत असेपर्यंत. घरी जनावर पाळायचं नाही, जनावरांत जायचं नाही. आणि माझे वडील मेंढपाळ होते. आम्ही धनगर. चालायला लागलो ते मेंढरांच्या मागेच. नोकरीच्या कागदावर सही करायच्या आधी मी तो कागद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कर सही. मेंढरं काय, मी बघतो."

त्यानंतर वडील असेपर्यंत मी त्यांना भेटायला जायचो ते रस्त्यापर्यंत. कळप ज्या शेतात बसलेला असेल तिथल्या बांधाबाहेर बाभळीखाली उभा राहायचो, ते जाळ्याच्या कुंपणातून बाहेर यायचे, आम्ही बोलायचो, मी परत फिरायचो. कधी नवं कोकरू झालेलं असलं तर ते आतूनच दोन्ही हातांनी उंच धरून ओरडायचे, "ह्ये बघ, काल झालं!" मी मान हलवायचो. खरं तर एवढ्या लांबून मला फक्त एक काळा ठिपका दिसायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता सोपाननानांकडे येतो, कारण हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतलाय.

आमच्या संचालक मॅडम कोकणातल्या. बोलायला तुटक पण मनाने मोकळ्या. एका वर्षीच्या सभेची तयारी चालली असताना त्या अचानक म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण या सभागृहात मेंढ्यांवर बोलतोय. ज्याच्याकडे मेंढ्या आहेत असा माणूस कधी इथे आलाय का?" मग तीन मेंढपाळांना बोलवायचं ठरलं आणि मॅडमनी मला सांगितलं, "भानुदास, त्यांच्यासाठी मराठीत कागद काढा."

मी काढला. कोणती बस, कुठे उतरायचं, जेवण आमच्याकडे, धुतलेले कपडे घालून यावं, येताना मेंढरू आणू नये. अकरावी ओळ गाळली. मेंढपाळ फक्त सभागृहात बसणार होते, आत जाणार नव्हते. बिनकामाच्या ओळीने ते बिचकतील असं मला वाटलं. आपण फार समजूतदारपणा केला असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिघांपैकी एकटे सोपाननाना आले. साठीच्या पुढचे, उंच, पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी. त्यांचा कळप तेव्हा नेकनूरच्या शिवारात एका शेतात लेंड्यांच्या खतासाठी बसलेला होता. मागे त्यांची बायको गयाबाई एकटी. सभागृहात घोंगडी नको म्हणून मी ती त्यांच्याकडून घेतली आणि घडी करून खुर्चीवर ठेवली. त्यांनी घडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सायेब, तुमी कुणाचे?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"तरीच. घोंगडीचं टोक आत घालून घडी घालणारा हितं कोण आसंल म्हनलं." त्यानंतर ते मला साहेब म्हणाले नाहीत. भाऊ म्हणायला लागले.

सभेत त्यांना बोलायला सांगितलं. समोर पन्नासेक शिकलेली माणसं. शास्त्रज्ञांची जुनी तक्रार होती, की रोगाची बातमी आमच्यापर्यंत उशिरा येते, तोवर तो चार गावांत पोचलेला असतो. असं का होतं, ते कुणी सांगत नव्हतं. नाना उठले आणि हात जोडून म्हणाले, "खरं सांगतो, राग धरू नका. लंगडं मेंढरू आमी लपवतो. कळपाच्या मधी घालतो. शेतवाल्यानं बघितलं तर तो म्हनतो, उठवा तुमची मेंढरं. मंग जावं कुठं? गेल्या साली मी असंच लपविलं आन् निम्मी मेंढरं गेली माजी. ते लपविलेलं कावून लपविलं, आसं आजबी वाटतंय."

मग मॅडम उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुमचे उपकार आहेत." नाना संकोचले. म्हणाले, "उपकार कसले बाई. माझं एक काम करता का? तुमचे लोक माझ्या मेंढराचं रगत शिशीत भरून नेतात. ते कुठं नेतात, त्याचं काय करतात, मला एकडाव बघू द्या."

मॅडम इतक्या भारावलेल्या होत्या की लगेच हो म्हणाल्या. "भानुदास, यांना आत घेऊन जा. मी येतेच." मी रजिस्टर पुढे केलं, नानांनी सही केली. मी त्यांना कपडे बदलण्याची खोली दाखवली, आतल्या माणसाच्या ताब्यात दिलं. त्या घडीला माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. एक धनगर सन्मानाने आत जातोय याचाच मला आनंद झालेला.

तासाभराने ते बाहेर यायच्या आंघोळीच्या खोलीत आले. मी पलीकडच्या दाराशी त्यांचा पटका आणि धोतर घेऊन उभा होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता, नाना मोठ्याने नाक शिंकरत होते. आणि तिथे, हातात त्यांचे कपडे असताना, मला अकरावी ओळ आठवली.

मी मॅडमना गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला. चूक दोघांची, पण कागद माझा होता. नाना पटका बांधत बाहेर आले ते खुशीत. "सूक्षम का काय त्यातून बघितलं भाऊ. लई न्यारं." मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं.

त्यांना आधी कळेना. "तीन दिस? म्हंजी कळपात जायचं न्हाई? कळप तर माझाच हाय."

"तुमचाच आहे नाना. म्हणूनच."

फाटक उघडं होतं, समोर रस्ता होता, नेकनूरची बस त्याच वेळेला जाते. ते उठून गेले असते तर मी त्यांना अडवणार नव्हतो. उलट मीच म्हणणार होतो, जा नाना, कोण बघतंय. शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आतलं ते माझ्या अंगाला लागून मेंढराकडं जाईल का? खरं सांगा."

"आंघोळ झालीये. जाण्याची शक्यता फार कमी. पण अगदीच नाही, असं म्हणता येत नाही."

"मंग न्हाई जात," ते म्हणाले. "एकडाव लपवून बघितलंय मी."

गयाबाईंना फोन मी केला. तो फोन माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड फोन.

"कावून? काय केलं त्यायनी?" पहिला प्रश्न.

"त्यांनी काही केलं नाही वहिनी. चूक माझी आहे."

"रोग लागला का त्यायला?"

"माणसाला लागत नाही तो."

"मंग सोडा की त्यायला! दोन मेंढ्या आजउद्या व्यायच्या हायेत. उद्या सकाळी ह्या शेतातून उठून पल्याडच्या शेतात बसायचंय. मी एकली काय काय करू?" मग कागदाची सळसळ ऐकू आली. बाई चौथी शिकलेल्या, नानांना कागद त्यांनीच वाचून दाखवला होता. "तुमचा कागद हाय माझ्या हातात. बसचं लिवलंय, जेवनाचं लिवलंय, धुतलेली कापडं घाला लिवलंय. तीन दिस कुठं लिवलंय? दाखवा की मला!"

पाहुण्यांची काळजी घेणारा म्हणून मी नावाजलेला माणूस, आणि ज्या एका पाहुण्यासाठी ती ओळ खरोखर गरजेची होती, त्याच्याच कागदातून मी ती काढली होती.

नानांना मी आवारातल्या माझ्या क्वार्टरवर नेलं आणि सुशीलाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या भिंतीच्या आत मी कधी पाय ठेवलाय का?"

"नाही."

"मग मी जाते गयाबाईंकडे."

ती शेतकऱ्याची मुलगी, पण लग्नानंतर तिनेही जनावराला हात लावला नव्हता. मॅडमना विचारलं. त्यांनी दहा प्रश्न विचारून परवानगी दिली : आंघोळ, बाहेरून धुऊन आणलेली साडी, नवी चप्पल. चप्पल चौसाळ्यात घेतली आणि सुशीला नेकनूरच्या बसमध्ये बसली. जाताना मला म्हणाली, "पाहुण्यांना उपाशी ठेवू नका." मला साधा भातही येत नाही, हे तिला माहीत होतं.

स्वयंपाक नानांनी केला. ज्वारीची भाकरी ते तळहातावर अशी थापायचे की मी बघत बसायचो. भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि कांदा. बाकी वेळ त्यांना घरात बसवेना. हातात काठी नाही, मागे कळप नाही, त्यांचे हात नुसते गुडघ्यांवर पडलेले असायचे. आवाराच्या भिंतीकडेने ते चालत राहायचे. गेटवरचं कुत्रं त्यांच्या मागे मागे. मग गच्चीवर जाऊन नेकनूरच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे. दिसत काहीच नव्हतं, मधे डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सुशीलाचा आवाज वेगळाच होता. "नानांना द्या. लवकर." सकाळी कळप हलवून झाला होता, पहिली मेंढी नीट व्याली होती, पण दुसरी अडली होती. नाना गच्चीवर होते. मी धावत गेलो आणि फोनचा आवाज मोठा करून त्यांच्यापुढे धरला.

"डोस्कं लागतंय का हाताला?" नानांनी विचारलं.

"न्हाई. पाय लागतोय एकच," गयाबाई.

"वढू नको. पाय मागं सार, आत. मंग डोस्कं हुडक. बाईंना सांग, मेंढीची मान दाबून धरा, भिऊ नका."

पुढची काही मिनिटं फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता, मेंढीचा आणि दोन बायकांचा. नाना उन्हात उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात हवेत असे चालले होते जणू मेंढी पुढ्यातच आहे. मग गयाबाई म्हणाल्या, "आलं. आलं पर हालंना."

"नाकातलं पुस. गवताची काडी घाल नाकात. घाल, घाल."

काही ऐकू येईना. मी फोन घट्ट धरून होतो. माझ्या एका गाळलेल्या ओळीमुळे तिकडे एक जीव जातोय, एवढंच मला कळत होतं. आणि मग फोनमधून एक बारीकशी शिंक आली. एवढीशी. पाठोपाठ सुशीला रडायला लागली.

"शिंकलं," नाना म्हणाले, आणि तापलेल्या गच्चीवर तसेच खाली बसले. मीही बसलो. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता डोळे पुसत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांना पोचवायला गेलो. बांधाबाहेर बाभळीखाली थांबलो, माझी हद्द तिथपर्यंतच. नाना पुढे गेले. मेंढरं आधी ओरडली, मग सगळी त्यांच्याभोवती गोळा झाली, त्यांचा पटका तेवढा दिसत राहिला. गयाबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता आणखी चार शब्द ऐकावे लागणार. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची सुशीलाताई लई कामाची हाय. आणिक चार दिस ठिवली आसती." मी हात जोडले. सुशीला त्यांच्या मागून आली. पायांतली नवी चप्पल मातीने जुनी झालेली, केसांत गवत, आणि चेहरा असा की लग्नाच्या वेळीही मी तो पाहिला नव्हता.

परतताना बसमध्ये तिने मला सांगितलं. दुसऱ्या मेंढीला दोन कोकरं होती. मागून आलेलं मेलेलं निघालं. फोनवर सांगू नका, असं गयाबाईंनीच तिला बजावलं होतं.

ते मला लागून राहिलं. नाना तिथे असते तर कदाचित वाचलं असतं. वर्षभराने ते पुन्हा सभेला आले तेव्हा मी त्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, "न्हाई भाऊ. मी आसतो तरी ते तसंच व्हायचं होतं." हे खरं होतं की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून म्हणाले, मला ठाऊक नाही. काहीही असलं तरी ते त्यांनी मला दिलेलं देणंच.

हो, ते पुन्हा आले, आणि त्यांच्यामागून बाकीचेही यायला लागले. मेंढपाळांचा कागद मी नव्याने लिहिला. त्यात अकरावी ओळ पहिली केली आणि तिच्याखाली आणखी एक जोडली : 'तुम्ही आत गेलात तर तीन दिवस तुमची जनावरं कोण बघणार, ते आधी सांगावं. कोणी नसेल तर माणूस आम्ही देऊ.' मॅडमनी त्यावर सही केली. पहिली काही वर्षं तो माणूस म्हणजे सुशीलाच असायची. लॅबमध्ये शेकडो शास्त्रज्ञ आले-गेले, त्यांच्या कामाने किती जनावरं वाचली असतील ते मला मोजता येणार नाही. पण त्या भिंतीच्या आत एकदाही न गेलेल्या माझ्या बायकोने त्या लॅबसाठी जे केलं, तेही कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हे लिहिलं.

मी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं झाली. शेवटच्या दिवशी एक पाहुणा आत सोडायचा होता, त्याच्याबरोबर मीही आत जाऊन आलो. शेवटची पाच मिनिटांची आंघोळ केली आणि बाहेर पडलो. आता मी नोकर नव्हतो. नियमाप्रमाणे मी पाहुणा झालो होतो, आणि पाहुण्याला तीन दिवस.

चौथ्या दिवशी सकाळी मी निघालो. नानांचा कळप तेव्हा चौसाळ्याच्या शिवारात होता. बांधापाशी आलो आणि सवयीने बाभळीखाली थांबलो. पाय पुढे टाकवेना. नाना जाळ्याच्या कुंपणाशी उभे होते, आता जरा वाकलेले. त्यांनी तिथूनच आवाज दिला.

"भाऊ, तीन दिस झाले का?"

"आज चौथा."

"मंग थांबा जरा." त्यांनी पाण्याची बादली आणून मधे ठेवली. "पाय धुवा. आमच्याकडंबी नियम हायेत. चप्पल भाईर."

मी चप्पल काढली, पाय धुतले. त्यांनी जाळी वर उचलून धरली आणि मी वाकून आत गेलो. मेंढरं माझ्या पायांना घासून बाजूला झाली. गयाबाई समोरून आल्या, पदराआड काहीतरी धरलेलं. "ताईनं धरलेल्या त्या मेंढीच्या नातीचं हाय," त्या म्हणाल्या. "काल झालं. धरा."

मी धरलं. काळं होतं, कपाळावर बोटाएवढा पांढरा डाग. कान ओले होते. आमच्या वडिलांनी उंच धरलेल्या किती कोकरांना असा डाग असेल, ते मला रस्त्यावरून कधीच दिसलं नव्हतं. कोकराने माझ्या शर्टाचं बटण तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. नाना दुसरीकडे बघत उभे राहिले.

दुपारी घरी पोचलो. सुशीलाने दार उघडलं, वास घेतला आणि हसली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने विचारलं, "पाणी तापवू का आंघोळीला?"

म्हटलं, "आज नको."